शिरोड्यासमोरून गेलेला प्रवासी : इब्न बतूता



वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे निघालात की शिरोडा लागते. मिठागरे, सुरूची बने, लांबवर पसरलेली पांढरी वाळू आणि थोडे पुढे तेरेखोलची खाडी. खाडी ओलांडली की गोव्याची हद्द. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधी, 1342 च्या सुमारास, गुजरातच्या घोघा बंदरातून निघालेली काही जहाजे या किनाऱ्यासमोरून गोव्याकडे गेली. त्यांत दिल्लीच्या सुलतानाचा एक राजदूत होता. त्याने आपल्या ग्रंथात शिरोड्याचे नाव घेतलेले नाही. घोघ्यानंतर तो एकदम गोव्याचेच वर्णन करतो. परंतु त्याची वाट याच पाण्यातून जात होती. त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न बतूता.

इब्न बतूता यांचा जन्म 1304 साली मोरोक्कोतील तंजा शहरात, काझींच्या घराण्यात झाला. 1325 च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते हजच्या इराद्याने एकटेच निघाले. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाणे फार जड गेले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. अलेक्झांड्रियात बुरहानुद्दीन नावाच्या एका बुजुर्गांनी त्यांना सांगितले की सिंध, हिंद आणि चीन येथे माझे बंधू आहेत, त्यांना माझा सलाम पोहोचव. हजला निघालेल्या या तरुणाच्या मनात तोवर इतक्या दूरचा विचारही नव्हता. पुढे तिन्ही सलाम पोहोचले.

1333 साली ते सिंधू नदीपाशी आले. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना दिल्लीचे काझी नेमले. पगार मोठा आणि खर्च त्याहून मोठा. कर्ज इतके वाढले की अखेर ते सुलतानालाच फेडावे लागले. मग सुलतानाच्या रोषास पात्र ठरलेल्या एका शेखांची भेट घेतल्याच्या कारणावरून त्यांच्याभोवती पहारा बसला. त्या दिवसांत त्यांनी सलग रोजे ठेवले आणि अल्लाह आपल्याला पुरेसा आहे, हा जिक्र हजारो वेळा केला. सुटका झाल्यावर त्यांनी सारी मालमत्ता वाटून टाकली व एका फकिराच्या सेवेत राहिले. काही महिन्यांनी सुलतानाने त्यांना पुन्हा बोलावले आणि चीनच्या बादशहाकडे राजदूत म्हणून धाडले.

दिल्लीहून निघाल्यावर वाटेत लुटारूंनी त्यांना पकडले. कसेबसे सुटल्यावर त्यांनी कित्येक दिवस उपाशीतापाशी रानात काढले. पुढे दौलताबादला आले तेव्हा तेथील किल्ल्याच्या कोठडीत पूर्वी डांबलेल्या एका सरदाराने त्यांना सांगितले की, तेथे मांजरांहून मोठे उंदीर कैद्यांवर तुटून पडत आणि त्यांच्याशी रात्रभर झुंजावे लागे. नंदुरबारला त्यांनी मराठे लोक पाहिले : हुन्नरी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी, भात व भाजी खाणारे आणि जेवणापूर्वी अंग धुणारे. आपल्या महाराष्ट्राचे हे वर्णन एका मोरोक्कोवासीयाने लिहून ठेवले आहे, हे ध्यानात घ्या.

शिरोड्याचा किनारा मागे पडल्यावर गोव्याजवळच्या एका लहान बेटावर जहाज थांबले. तेथे देवळाच्या भिंतीला टेकून एक जोगी उभा होता. तो एक शब्दही बोलला नाही. त्याने आकाशाकडे बोट दाखवले आणि मग किब्ल्याच्या दिशेने. इब्न बतूता यांनी त्यावरून असे जाणले की हा मनुष्य एका अल्लाहवर आणि प्रेषितांवर (स.) गुप्तपणे श्रद्धा ठेवतो. निरोपाच्या वेळी जोग्याने त्यांच्या हातात दहा दीनार ठेवले. हे दहा दीनार लक्षात असू द्या.

पुढे होनावर लागले. तेथील सुलतान जमालुद्दीन होते. त्या एका नगरात मुलींसाठी तेरा आणि मुलांसाठी तेवीस मदरसे होते, आणि तेथील स्त्रियांना कुरआन तोंडपाठ होते. इतक्या देशांतून फिरलेल्या या काझींना ही गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटली. मुलींचे शिक्षण ही आजची टूम आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला सातशे वर्षांपूर्वीच्या, आपल्या कोकणाला लागूनच असलेल्या किनाऱ्यावरील या तेरा शाळा दाखवा.

मग कालिकत. चीनला जाणारे मोठे जहाज सज्ज झाले. बादशहासाठीचा नजराणा त्यावर चढला आणि इब्न बतूता यांचे स्वतःचे सामान शेजारच्या लहान जहाजावर. जुम्याच्या नमाजसाठी ते किनाऱ्यावर थांबले. वादळ उठले, मोठे जहाज फुटले आणि सकाळी त्यांचे सहकारी जहीरुद्दीन आणि सुंबुल यांची प्रेते वाळूवर सापडली. त्यांची जनाजाची नमाज अदा करून त्यांना दफन करण्यात आले. लहान जहाजाच्या खलाशांनी हे पाहून शिडे उभारली आणि सारे सामान घेऊन ते निघून गेले. राजदूतापाशी उरले काय? झोपायची एक सतरंजी आणि जोग्याने दिलेले ते दहा दीनार.

नमाजने त्यांना वाचवले, असे म्हणून आपण येथेच थांबू नये. बुडालेले जहीरुद्दीनही ईमानवालेच होते. कोणाला कोठे मृत्यू गाठणार, हे अल्लाहच जाणतो. मनुष्याने आपले कर्तव्य पार पाडावे, आणि हाती आले ते व गेले ते त्याच्यावर सोपवावे.

दिल्लीला तोंड दाखवण्याची हिंमत उरली नाही. मालदीवमध्ये ते पुन्हा काझी झाले, श्रीलंका व बंगाल पाहिले, सुमात्रामार्गे चीन गाठले. नंतर परतीची वाट धरली. 1348 साली दमास्कस येथे त्यांना कळले की वडिलांना वारून पंधरा वर्षे झाली. आई मात्र हयात आहे. त्या साली सर्वत्र प्लेगचा कहर होता. आणखी एक हज करून ते मोरोक्कोत पोहोचले, तो 1349 साली वाटेतच बातमी आली की आईही प्लेगने गेली. चोवीस वर्षांनंतर तंजाला जाऊन त्यांना भेटता आली ती आईची कबरच.

पुढे ते आफ्रिकेतील माली देशापर्यंत गेले. 1355-56 च्या सुमारास मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्यांच्या आठवणींवर आधारित ग्रंथ इब्न जुझय यांनी पुरा केला. काझीपदावर असतानाच, 1368-69 च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

वाचकहो, पृथ्वीवर संचार करून पाहण्याची शिकवण कुरआन देते. आणि प्रेषितांनी (स.) हेही शिकवले की प्रवासातले काम उरकले की मनुष्याने घरच्यांकडे लवकर परतावे. इब्न बतूता यांच्या आयुष्यात पहिली शिकवण पुरेपूर दिसते. दुसरीची किंमत त्यांना तंजाच्या कबरस्तानात कळली. आज कोकणातील किती घरांतील मुलगे आखातात आहेत! रोजीसाठी ते गेले, त्यात दोष नाही. परंतु त्यांना हे चरित्र जरूर वाचून दाखवा. पैसे दर महिन्याला येतात, ते येऊ द्या. पण आई वाट पाहत असेल, तर पुढच्या रजेची तारीख आजच ठरवायला सांगा.