लोकनेते दि. बा. पाटील

आपल्या उरण तालुक्यात जासई गाव आहे. तिथे १३ जानेवारी १९२६ रोजी दिनकर बाळू पाटील यांचा जन्म झाला. त्यांना सगळे दि. बा. म्हणत. ते शेतकऱ्याच्या घरातले. शिकून वकील झाले. लोकांनी त्यांना पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार केले.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली. ठाणे, पनवेल व उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, आणि पैसे फार थोडे. मग माणसांनी खायचे काय? दि. बां.नी हे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले आणि लोकांबरोबर रस्त्यावरही उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी मोठे आंदोलन झाले. जासई व पागोटे इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले.

पुढे शेतकऱ्यांसाठी साडेबारा टक्के जमिनीची योजना झाली. म्हणजे शंभर गुंठे गेले तर साडेबारा गुंठे परत. तेवढ्यात शेती होत नाही, पण घर बांधता येते.

२४ जून २०१३ रोजी दि. बा. वारले. निवडून आल्यावरही जो गावाचे ऐकतो, तोच खरा पुढारी. दि. बां.ना व पाच हुतात्म्यांना आमचा नमस्कार.

– इयत्ता चौथी