चर्चमधला अभंगकार : रेव्हरंड टिळक

आमच्या कोंढ्याकडे ऑर्गन म्हटला की नाटक आठवते. दिवाळी आटोपली, गावोगावी मंडया भरू लागल्या, की रात्री झाडीपट्टीतले नाटक ठरलेलेच. रंगमंचापुढे तबला, ढोलकी आणि त्यांच्या बाजूला तो लाकडी कपाटासारखा ऑर्गन. वाजवणारा दोन्ही पायांनी भाता मारतो आणि हातांनी पट्ट्या दाबतो. लहानपणी मला नटापेक्षा त्याचे पाय पाहण्यातच मौज वाटे. रात्रभर नाटक चाले, पाय थांबत नसत. हे वाद्य मुळात नाटकाचेच, असा माझा पक्का समज होता.

तो समज गेल्या उन्हाळ्यात मोडला. वसतिगृहातला माझा खोलीमित्र ख्रिस्ती घरातला आहे. गुड फ्रायडेच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या उत्तम शुक्रवारी, तो मला त्याच्या चर्चमध्ये घेऊन गेला. चैत्रातली दुपार, बारा ते तीनची उपासना. ख्रिस्ताने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक सात प्रवचने आणि मध्ये मध्ये गाणी. कोपऱ्यात आमच्या नाटकातला तोच ऑर्गन! पहिले गीत त्यावर झाले. चाल इंग्रजी होती, शब्द मराठी होते, पण शब्द कुठेतरी ओढल्यासारखे लागत होते. दुसऱ्या गीताला मात्र ढोलक आणि टाळ आले आणि मी चमकलोच. हा तर सरळ अभंग! आमच्या गावच्या भजनी मंडळात बाबा ज्या ठेक्यावर टाळ धरतात तोच ठेका. शेजाऱ्याच्या हातातले गीतांचे पुस्तक मी वाकून पाहिले. त्याचे नाव उपासना संगीत. गीताखाली ना. वा. टिळक असे छापलेले होते. शाळेत केवढे हे क्रौर्य ही कविता आपण सर्वांनी पाठ केली आहे. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीची ती कविता लिहिणारे टिळक ते हेच.

त्या दिवसापासून मी टिळकांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते मित्रांपुढे ठेवतो.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर कोकणस्थ ब्राह्मणाचे. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने अतिशय कडक. आई भाविक आणि काव्याची आवड असलेली. ती लवकर गेली आणि मुलगा घरातून तुटल्यासारखा झाला. तो नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळाही थोडी केली, परंतु रीतसर शिक्षण पूर्ण झाले नाही. ज्यांच्या कविता आपण परीक्षेसाठी घोकतो त्यांच्यापाशी परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, हे वाचून मला (गेल्या वर्षी इंग्रजीत काठावर सुटलेल्याला) थोडा धीर आला, हे कबूल करतो.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अवघे अकरा-बारा. सासरी ती लक्ष्मी झाली. पुढे मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच. टिळकांचा पाय घरात ठरत नसे. आज इथे मास्तर, उद्या तिथे कीर्तन, परवा कुठे गेले याचा पत्ता नाही. हाती आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन मोकळे होत. असा माणूस मोठा असतो हे खरे, पण त्याच्या घरी चूल पेटवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येते, हे लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांत वाचावे. त्या हसत हसत सांगतात म्हणून वाचणाराही हसतो, आणि थोड्या वेळाने आपण कशाला हसलो असे वाटते.

पुढे टिळक नागपूरला आले. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला राहून त्यांनी जुन्या संस्कृत ग्रंथांचे काम केले. तेथून राजनांदगावला निघाले असताना, १८९३ च्या सुमारास, आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा काव्याच्या निघाल्या, धर्माच्या झाल्या, आणि उतरण्यापूर्वी वॉर्ड यांनी त्यांना नवा करार वाचायला दिला. नागपूर-राजनांदगाव हा रस्ता आपलाच आहे. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही स्टेशने त्या डब्याच्या खिडकीतून मागे गेली असणार. या मार्गाने मीही गेलो आहे. मराठी कवितेच्या इतिहासातली एवढी मोठी घटना आपल्या जिल्ह्यातून धडधडत गेली आणि आपल्याला कोणी सांगितले नाही, याचे मला नवल वाटते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी सांगितले नव्हते. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत, पदरी दत्तू नावाचे लहान मूल. बातमी घरावर वीज पडावी तशी आली. पुढची चार-पाच वर्षे नवराबायको वेगळी राहिली. काही काळ लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या. टिळकांविषयी लिहिणारे बहुतेक लोक हा भाग दोन ओळींत उरकतात आणि कवितेकडे वळतात. मला तसे करवत नाही. आपल्या मनाला पटलेल्या सत्यासाठी माणसाने सर्वस्व सोडावे, हे मान्य. पण त्या सर्वस्वात दुसऱ्याचे आयुष्य धरलेले असले तर त्या दुसऱ्याला विचारायला नको काय? टिळकांचे गुणगान करताना हा प्रश्न मला गिळता आलेला नाही. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आधी वेगळे बिऱ्हाड, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी. सोवळे हळूहळू सुटले, माणूस माणसाला शिवल्याने बाटत नाही हे त्यांना आतून पटले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरपटत नव्हे. म्हणून मला त्यांचे धर्मांतर नवऱ्याच्या धर्मांतराहून मोठे वाटते. प्राध्यापक मंडळींचे मत वेगळे असू शकेल.

आता गाण्याकडे येतो. मिशनरी इकडे आले ते आपली गाणी आणि ऑर्गन घेऊन आले. त्यांच्या देशांत मोठ्या चर्चमधले ऑर्गन शेकडो नळ्यांचे, भिंतभर उंच असतात. तिकडे ईस्टरच्या वसंतात दुपारच्या सुट्टीत चर्चमध्ये अर्धा-पाऊण तास नुसते ऑर्गनवादन होते, येणाराजाणारा कोणीही बसून ऐकतो, असे वाचले. बाख हा थोर संगीतकार लाइपझिगला अशाच चर्चचा नोकर होता, आणि त्याची मत्तयकृत दुःखसहनाची संगीतरचना १७२७ च्या गुड फ्रायडेला तेथे झाली. इकडे नळ्यांचा डोलारा आणणे अवघड, म्हणून पत्तीचा, पायभात्याचा छोटा ऑर्गन आला. तोच पुढे मराठी संगीत नाटकाने उचलला, गंधर्व नाटक मंडळीने गाजवला आणि फिरत फिरत आमच्या मंडईत पोचला.

पण वाद्य आले म्हणून गाणे आले असे होत नाही. इंग्रजी गीताची चाल शब्दाच्या आघातावर उभी असते. मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर नाहीतर अक्षरसंख्येवर चालते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते आणि दीर्घ कोंबावे लागते. मला त्या दुपारी जे ओढल्यासारखे लागले ते हेच. शिवाय ऑर्गनचे स्वर पट्टीला बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर निघत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, एवढा हा वाद जुना.

टिळकांनी वादात न शिरता अभंग, ओव्या, पदे, भजने लिहिली. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधी ख्रिस्ती कीर्तन आणि पदे सुरू केली होती, तेव्हा पहिला मान टिळकांना देणे बरोबर नाही. पण पहिल्या दर्जाचा कवी त्या वाटेला लागला तो टिळकांच्या रूपाने. तुकोबांचे ऋण ते उघड मानत. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. ज्या धर्मात गेले तेथेही आपली भाषा, आपला ठेका, आपले संत घेऊन गेले. कपडा बदलला तरी माणूस मराठीच राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह काही मिशनऱ्यांनाही रुचला नसावा असे वाटते. १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, पुढे ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादकही झाले. कोवळ्या वयातले बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी योजना होती. ती उभी राहायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले.

ख्रिस्तचरित्रावर ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी घेतले होते. थोडेच अध्याय झाले होते. उरलेले, म्हणजे बहुतेक सगळेच, लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लहानपणी जिला अक्षरओळख नव्हती, जिला नवऱ्याने लिहायला शिकवले आणि मग न सांगता सोडून दिले, तिने.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोंढ्याला गेलो तेव्हा चर्चमधले ते गाणे मी बाबांना म्हणून दाखवले. आधी त्यांनी कपाळाला आठी घातली होती, तू तिकडे गेलासच कशाला म्हणून. दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. हा कोणता संत, असे त्यांनी विचारले. मी सगळी हकीकत सांगितली. बाबा चौथी शिकलेले. धर्म बदलण्याविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. त्या बाईचे पुढे काय झाले, एवढेच विचारले.

तेव्हापासून मी सुट्टीत घरी आलो की जेवण झाल्यावर त्यांना स्मृतिचित्रे वाचून दाखवतो. आई भांडी घासता घासता ऐकते आणि मध्येच हात थांबवते. मागच्या खेपेला बाप्तिस्म्याची बातमी येते त्या पानापर्यंत आलो होतो.