तंजावरच्या भातशेतीतील मतपेढीचा शिल्पकार

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची गादी आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तिरुत्तुरैप्पूंडीसारख्या ग्रामीण विधानसभा मतदारसंघाचे राजकारण समजून घ्यायचे तर कधीही आमदार न झालेल्या बी. श्रीनिवास राव यांचे चरित्र चाळावे लागते.

राव यांचा जन्म १९०७ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षण अर्धवट सोडून ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. १९४३ मध्ये पक्षाने त्यांना तंजावर जिल्ह्यात पाठवले. तमिळ ही त्यांची मातृभाषा नव्हती. जातीने ते जमीनमालकांच्या जवळचे आणि भूमिहीन दलितांपासून दूरचे. तरीही दलित वस्त्यांत राहून, तेथेच जेवून त्यांनी हे अंतर मिटवले.

मिरासदार हा शब्द महाराष्ट्राप्रमाणे तंजावरातही रूढ आहे. तेथील मोठे मिरासदार आणि मठ-देवस्थाने यांच्या जमिनी पण्णैयाळ, म्हणजे पिढ्यानपिढ्या बांधले गेलेले शेतमजूर कसत. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या नित्याच्या शिक्षा होत्या. मन्नारगुडीजवळच्या तेनपरै गावात राव यांनी किसान सभेची पहिली शाखा उभारली. पुढच्याच वर्षी संघटनेच्या दबावाखाली झालेल्या करारात या शिक्षांना मूठमाती मिळाली. चळवळीचा हा पहिला विजय मजुरीपेक्षाही मानाचा होता.

१९४८ नंतरच्या दडपशाहीत राव भूमिगत झाले. १९५२ च्या निवडणुकीत पण्णैयाळाच्या हाती प्रथमच मत आले. मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२, तर कम्युनिस्टांना ६२ जागा मिळाल्या. बहुमत हुकलेल्या काँग्रेसने राजाजींना पाचारण केले. त्याच वर्षी कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक असलेल्या राजाजींच्या सरकारनेच तंजावरची कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा वटहुकूम काढला. कुळाला पिकाचा दोन पंचमांश वाटा मिळाला आणि मजुराला मनमानीने काढण्यावर निर्बंध आले. मात्र एक वेली, म्हणजे सुमारे पावणेसात एकरांपर्यंतचे मालक कायद्यातून वगळले गेले आणि जमिनीच्या कागदोपत्री वाटण्यांना वाव राहिला.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातही मर्यादा ३० प्रमाण एकर ठेवून सवलतींची रेलचेल होती. त्याविरुद्धच्या सत्याग्रहाची धुरा राव यांनी वाहिली आणि त्या धावपळीतच ३० सप्टेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक तिरुत्तुरैप्पूंडीतच आहे.

त्यांच्या पश्चात १९६४ मध्ये पक्ष फुटला. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणीत मजुरीच्या तंट्यातून ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून सुटले. राज्यात द्रमुकची सत्ता होती आणि मार्क्सवादी तिचे निवडणुकीतील साथीदार होते, हे विशेष. मतपेटीतील मैत्री बांधावर कामी आली नाही.

कालांतराने अनुसूचित जातींसाठी राखीव झालेल्या तिरुत्तुरैप्पूंडीचे निकाल या संदर्भात पाहावे लागतात. २००६ मध्ये द्रमुकच्या, तर २०११ मध्ये अण्णा द्रमुकच्या आघाडीत राहून भाकपचे उलगनाथन निवडून आले. २०१६ मध्ये डावे दोन्ही द्रविड पक्षांपासून दूर राहिले. राज्यात त्यांना एकही जागा मिळाली नाही आणि हा गडही द्रमुककडे गेला. २०२१ मध्ये द्रमुकच्या साथीने भाकपच्या मारिमुत्तूंनी तो परत मिळवला.

आघाडी बदलली तरी भाकपचा उमेदवार निवडून येतो, आघाडीच नसेल तर मात्र पडतो. राव यांनी घडवलेला मतदार पक्षाला जागेवरचा हक्क सांगण्यापुरते बळ देतो. ती जिंकून देण्यास तो एकटा पुरत नाही. राव यांच्या वाट्याला आमदारकी आली नाही, पण त्यांच्या हयातीत सरकारला कायदे करावे लागले. त्यांच्या वारसांना आमदारकी मिळाली, ती मात्र इतरांच्या मतांच्या आधाराने. कावेरीच्या खोऱ्यातील डाव्या राजकारणाचा हिशेब या तफावतीपाशी येऊन थांबतो.