नागाच्या विषावर उतारा शोधणारे डॉ. काल्मेट

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजी लशीचा व्रण आहे. त्या नावातला ‘सी’ म्हणजे आल्बेर काल्मेट. क्षयावरच्या या लशीमुळे ते जगाला ठाऊक झाले. आम्हाला मात्र त्यांची आठवण होते ती पावसाळ्यात, शेताच्या बांधावर साप दिसू लागले की.

त्यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी फ्रान्समधील नीस येथे झाला. पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत शिकून १८९१ मध्ये ते व्हिएतनाममधील सायगावला नवी प्रयोगशाळा उभारायला गेले. त्याच वर्षी तिथे पावसाच्या दिवसांत एका गावात नाग शिरले. चाळीस जणांना दंश झाला, चौघे दगावले. पकडलेले नाग पिंपात भरून काल्मेट यांच्याकडे आले आणि त्यांचा अभ्यास सुरू झाला. जनावराला विष अगदी थोडे थोडे वाढवत टोचले, तर त्याच्या रक्तात विष मारणारे द्रव्य तयार होते. फ्रान्सला परतल्यावर १८९४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. फिझालिक्स व बर्त्राँ या दोघांनीही त्याच वर्षी हेच दाखवले होते. पुढे घोड्यांपासून औषध बनू लागले.

एका बाबतीत काल्मेट चुकले. नागाचे औषध सगळ्या सापांना चालेल, असे त्यांना वाटे. ऑस्ट्रेलियात मार्टिन यांनी आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी ते खोटे ठरवले. म्हणूनच आपल्याकडचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवतात.

१९२१ मध्ये बीसीजी पहिल्यांदा बाळाला दिली गेली. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी काल्मेट वारले.

दंशाच्या वर आवळून बांधा, असे काल्मेटही सांगत. आता डॉक्टर त्याला मनाई करतात, पण आपल्या खेड्यांत दोरी अजून आवळली जाते, ब्लेडही मारले जाते. तसे करू नये, विष तोंडाने ओढू नये. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. साप मारण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. हे इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, ते घरच्यांना आजच विचारून ठेवा.