सापसुरळ्यांना नाव देणारा वनाधिकारी

दक्षिण भारतातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाचा इतिहास कर्नल रिचर्ड हेन्री बेडोम यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. विशेष म्हणजे, ज्या प्राण्यांमुळे त्यांची कीर्ती टिकली, तो त्यांच्या नोकरीचा विषय कधीच नव्हता.

11 मे 1830 रोजी लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुलानेही वकिली करावी, ही अपेक्षा स्वाभाविक होती. त्यांनी मात्र सैन्याची वाट धरली आणि 1848 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत ते दाखल झाले. 1857 मध्ये ह्यू क्लेगहॉर्न यांच्या नव्याने उभ्या राहिलेल्या वनखात्यात ते साहाय्यक झाले, पुढे क्लेगहॉर्न यांच्या जागी आले आणि 1882 पर्यंत त्या पदावर राहिले. रेल्वेला आणि सरकारी बांधकामांना लाकूड हवे होते. जंगलाची मोजदाद करायची ती प्रामुख्याने त्यासाठी. त्याच भटकंतीत निलगिरी, अनैमलै आणि त्रावणकोरचे डोंगर बेडोम यांच्या पायाखालून गेले. दक्षिणेतील वृक्ष आणि नेचे यांवरील त्यांचे सचित्र ग्रंथ वनस्पतिशास्त्रात मान्यता पावले. मात्र पालापाचोळा उपसताना हाती लागलेल्या लहान जिवांनी त्यांना निराळेच काम दिले.

यातच सापसुरळ्या होत्या. गुळगुळीत, आखूड पायांच्या आणि चाहूल लागताच पाचोळ्यात नाहीशा होणाऱ्या या सरड्यांच्या जातभाईंना ओळखणे अवघड असते. रंग बदलतो, शेपूट तुटते; म्हणून अभ्यासकाला खवल्यांच्या ओळी, बोटांची संख्या आणि पापण्यांची रचना पाहावी लागते. 1870 मध्ये बेडोम यांनी मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकात त्रावणकोरच्या डोंगरांतील दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघींनाही त्यांनी त्रावणकोरचेच नाव दिले.

आज त्या दोन वेगळ्या कुळशाखांत गणल्या जातात. एक ‘रिस्टेला’ या प्रजातीतील : पुढच्या पायांना चार बोटे, मागच्यांना पाच, पाठीच्या खवल्यांवर उभ्या कडा आणि मांजरीप्रमाणे आवरणात आत ओढता येणारी नखे. हिचे सर्वांत जवळचे नातलग श्रीलंकेत आहेत. दुसरी ‘केस्टलिया’तील : गुळगुळीत खवले आणि खालच्या पापणीत पारदर्शक खिडकी. या दुसरीचे स्थान वर्षानुवर्षे बदलत राहिले. पूर्व आशिया आणि अमेरिकेतील सापसुरळ्यांबरोबर तिला एकाच प्रजातीत ठेवले जाई. 2004 मध्ये पश्चिम घाटातील या जाती स्वतंत्र प्रजातीत गेल्या. प्रजातीचे नाव बदलले, तरी बेडोम यांनी दिलेले जातीचे नाव मात्र तसेच राहिले.

बेडोम यांचे नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. तेथे जॉर्ज बुलेंजर यांनी 1887 मध्ये याच दोन गटांतील एकेका जातीला बेडोम यांचे नाव दिले. ज्यांनी इतरांना नावे दिली, त्यांचे नाव आता सापसुरळ्यांच्या अंगावर चढले. गोवा आणि महाराष्ट्राच्या घाटांतील ओढ्याकाठी आढळणारा एक बिनविषारी सापही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

ओरिसातील जयपूरच्या डोंगरावर त्यांना सापडलेली एक पाल त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कुणाला दिसली नव्हती. अलीकडच्या काळात ती पुन्हा सापडली, तेव्हा शोध घेणाऱ्यांच्या हाती असलेला जुना आधार बेडोम यांचे वर्णन हाच होता. नोंद नसती, तर ती पाल हरवली होती हेही कुणाला कळले नसते.

निवृत्तीनंतर बेडोम इंग्लंडला परतले. 23 फेब्रुवारी 1911 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या वनखात्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, त्याच्या लाकडाचे हिशेब आज फारसे कुणी उघडत नाही. पाचोळ्याखालची त्यांची सापसुरळी मात्र अजून अभ्यासली जात आहे.