घरची भाषा, आयुष्याचं काम : धर्मानंद कोसंबी



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय असतो. मुलानं पुढे काय करायचं? इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या घरांतून त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. घरात मराठी बोलतो, सण-वार पाळतो, पण पोटापाण्याला याचा काय उपयोग? म्हणून या वेळी आम्ही एका अशा माणसाचं चरित्र निवडलं, ज्यांनी आपली भाषा आणि आपलं काम वेगळं ठेवलंच नाही.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ गावी झाला. तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. घरची बोली कोंकणी, शाळेतली भाषा मराठी. प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळा थोडकीच झाली. पुढे घरच्या नारळाच्या बागांची देखरेख अंगावर आली. लहान वयातच लग्नही झालं. म्हणजे आयुष्याचा मार्ग ठरूनच गेला होता म्हणा ना: बागा सांभाळायच्या आणि संसार करायचा.

पण त्यांना वाचनाचा नाद होता. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ या मराठी मासिकात त्यांनी बुद्धांची गोष्ट वाचली आणि मन तिथेच अडकलं. हा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, अशी ओढ लागली. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे जगभर ज्यांची विद्वत्ता मानली गेली, त्यांच्या हाती पहिला धागा आला तो मुलांच्या साध्या मराठी मासिकातून.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. आधी पुणं. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला, संस्कृतचा अभ्यास सुरू झाला. मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत ते काशीला पोहोचले. (इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी हे मुलांना आवर्जून सांगावं!) काशीत अन्नछत्रात जेवून विद्या केली. पुढे नेपाळ, बोधगया, आणि १९०२ साली श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले. दीक्षाही घेतली. नंतर ब्रह्मदेशात राहून अभ्यास वाढवला.

इथे थोडं थांबू या. ते निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई गोव्यात होत्या आणि पहिली मुलगी माणिक अगदी तान्ही होती. ज्ञानासाठी घर सोडलं, हे वाक्य वाचायला छान वाटतं. पण घरात मागे राहणाऱ्या बाईनं ती वर्षं कशी काढली असतील? चरित्र सांगताना हा भाग झाकून ठेवणं आम्हाला पटत नाही. कुठलंही मोठं काम एकट्याच्या जिवावर होत नसतं. त्याची किंमत घरातलं आणखी कुणीतरी मोजत असतं. १९०६ साली धर्मानंदांनी चीवर उतरवलं आणि ते पुन्हा संसाराकडे वळले. पुढच्या वर्षी मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढे थोर गणिती आणि इतिहासकार म्हणून नावाजलेले दा. ध. कोसंबी.

आता खरा कसोटीचा क्षण. कलकत्त्याला पाली शिकवण्याचं चांगलं काम मिळालं होतं. मान होता, पगार होता. पण त्यांच्या मनात आपल्या मुलखाचा विचार होता. जे मिळालं ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यायचं. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की, महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहावं. कलकत्त्यात याहून बराच जास्त पगार मिळत असताना धर्मानंदांनी हे ५० रुपये पत्करले.

गंमत पाहा, आपल्या भाषेकडे परत वळलेल्या या माणसाला जगाची दारं बंद झाली नाहीत, उलट उघडली. १९१० साली त्यांना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम होतं. श्रेयावरून मतभेद झाले, तेव्हा ते स्वाभिमानानं परतले. पुढे पुन्हा जाऊन काम तडीस नेलं. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर या मुलांनाही शिकायला सोबत नेलं. तो ग्रंथ हार्वर्डहून १९५० साली छापून निघाला, पण तो पाहायला धर्मानंद नव्हते.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली आणि विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केलं, रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. मुंबईत परळला कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ उभा केला. आणि या सगळ्यात मराठीत लिहिणं चालूच. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ ही त्यांची पुस्तकं आणि ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आजही वाचायला सोपं वाटतं. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला.

मुलांना आपण काय सांगायचं? सगळ्यांनी पाली शिकावी असं मुळीच नाही. कुणी डॉक्टर होईल, कुणी दुकान काढेल, कुणी संगणकावर काम करेल. पण तू कुठला, तुझ्या घरात काय बोललं जातं, तुला लहानपणी कशानं धरून ठेवलं, हे प्रश्न नोकरीच्या प्रश्नापासून तोडू नयेत. धर्मानंदांना गोव्यातली बाग सोडावी लागली, पण बागेत बसून वाचलेलं मराठी मासिक त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, असंच म्हणावं लागेल.

या रविवारी घरातल्या मुलांपाशी बसा. लहानपणी मनात घर करून राहिलेली एक गोष्ट कोणती, एवढंच विचारा. उत्तर आलं की लगेच सल्ला देऊ नका, नुसतं ऐका. आणि जमलं तर त्यांची उत्तरं आपापल्या ग्रुपवर पाठवा. आम्ही वाट पाहतो.