चिमणीने घडविलेला पक्षितज्ज्ञ

सन १९०८च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तो भाचा म्हणजे डॉ. सलीम अली.

१८८३ मध्ये मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी ही संस्था स्थापन केली होती. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. संस्थेचे सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला परतवून लावले नाही. त्यांनी चिमणी ओळखून दिली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचायला पुस्तके दिली. पोरक्या मुलाच्या आयुष्याला तेथे दिशा मिळाली.

पुढची वाट सोपी नव्हती. सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते १९३० मध्ये परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली होती. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांचे तासन्‌तास निरीक्षण केले. नर अर्धवट घरटी विणतो, मादी ती पारखून पसंत करते आणि मगच संसार मांडला जातो, हे त्यांनी टिपले. तो निबंध संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव झाले.

१९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकाने सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याची किल्ली दिली. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. स्वातंत्र्यानंतर संस्था आर्थिक अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकून तिला सावरले. भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९७६ मध्ये मिळालेल्या गेटी पारितोषिकाची रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणासाठी संस्थेच्या स्वाधीन केली.

२० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. एका मुलाच्या कुतूहलासाठी संस्थेने दार उघडे ठेवले होते. त्याने आयुष्यभर ते इतरांसाठी उघडे राखले. निसर्गरक्षणाची चळवळ वाढते, ती अशा उघड्या दारांमुळेच.